चढावरचा आवाज

काटोल नाक्याच्या पुढे दामिनी भोयरचं गॅरेज आहे. सकाळी नऊच्या सुमारास रुपराव काळबांडे यांनी आपली पेट्रोल जीप तिथे आणून उभी केली. जीप एकोणीसशे शहाऐंशीची. मागे संत्र्याचे कॅरेट खच्चून भरलेले आणि शेजारी पत्नी गोपिकाबाई. दोघं कळमेश्वरकडच्या मळ्यातून कळमन्याच्या बाजाराला निघाले होते.

"ताई, एकच सांगा," रुपराव उतरता उतरता म्हणाले, "इंजिन खोलू का नको? शहरातला गॅरेजवाला म्हणते, बेअरिंग गेलं. ठकठक वाजून राहिलं."

दामिनीनं बॉनेट उघडून कान दिला. जुन्या पेट्रोल इंजिनांत तिची वीस वर्षं गेली होती. उभ्या जीपचं इंजिन तक्रार न करता चालत होतं आणि ऑइल प्रेशरचा काटाही जागेवर होता.

"आवाज कवा येते, काकाजी?"

"येते कवाही."

"कवाही नाही येत," गोपिकाबाई आतूनच बोलल्या. "चढावर येते. मागं माल असला अन् यायनं टॉप गिअरमधी पाय दाबला का येते. पाय उचलला का बंद. डब्यात खडे हलवल्यावानी."

"हे त्या गॅरेजवाल्याले सांगितलं होतं का?"

"मले कोनं विचारलं?"

दामिनीला हसू आलं. अर्धं काम गोपिकाबाईंनीच करून टाकलं होतं. ती स्वतः चाकावर बसली आणि दोघांना घेऊन फेटरीच्या अलीकडचा चढ गाठला. टॉप गिअर, पाय खाली, आणि आलाच तो आवाज, खडखड खडखड. पाय उचलताच गप्प.

"बेअरिंग नाही गेलं," ती म्हणाली. "बेअरिंगचा आवाज जड असते, खालून येते. हा वरचा आहे. ठिणगी वेळेच्या आधी पडून राहिली."

गॅरेजात परतल्यावर तिनं ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट जोडला आणि त्याचा झोत पुलीवर धरला. लुकलुकत्या उजेडात पुलीवरची खूण नेमकी जिथे दिसायला हवी तिथेच दिसत होती. 

"त्या गॅरेजवाल्यानंबी हेच पाह्यलं," रुपराव म्हणाले. "टायमिंग बराबर आहे म्हने."

"हो, पण इंजिन हळू असताना. चढावर काय हळू चालवता? पाय द्या आता."

रुपरावांनी रेस दिली. इंजिनाचा वेग वाढला तशी खूण सरकू लागली. ती थोडी सरकायलाच हवी. पण ही सरकत सरकत मापाच्या पार पलीकडे पळाली. दामिनीनं लाइट खाली ठेवला. आता तिला शंका उरली नव्हती.

तिनं डेल्को काढला. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा तो डबा टेबलावर ठेवून आतली पाटी उचलली. खाली दोन छोटी वजनं होती, आणि वेग वाढल्यावर ती किती फाकावीत याला लगाम घालणाऱ्या दोन स्प्रिंगा. वजनं जितकी फाकतात तितकी ठिणगी लवकर पडते. त्यातली एक भक्कम, जुनी. दुसरी चकचकीत, बारीक, लांबुडकी. दामिनीनं ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली.

"काकाजी, ही तर बॉलपेनातली आहे!"

रुपरावांनी मान दुसरीकडे वळवली.

"मागच्या साली म्या साफ कराले खोलला होता," ते म्हणाले. "एक स्प्रिंग उडाली, गवतात सापडलीच नाही. मंग..."

"अन् मी पोरायवर संशय घेऊन राहिली होती!" गोपिकाबाई जीपमधून खाली उतरल्या. "माहा पेन लिहिता लिहिता आत जाये."

"काहून नाही सांगितलं पण?" दामिनीनं विचारलं.

"गाडी चालली ना, ताई. मंग मीच भुललो."

"झोका मागं येऊन राहिला असतानाच ढकलला तर हाताले कसा झटका बसते? तसं होऊन राहिलं. पिस्टन वर येतच असते अन् त्याच्या डोक्यावर पेट्रोल पेटते. आनखी काही महिने असंच चालवलं असतं, तर खरंच इंजिन खोला लागलं असतं."

भंगारातून आणलेल्या तशाच एका डेल्कोतून तिनं स्प्रिंगांची जोडी काढली. दोन्ही बदलल्या, डेल्को बसवला, टायमिंग पुन्हा लावलं आणि रेस देऊन खूण पाहिली. या वेळी ती सरकली आणि मापात थांबली.

"काकू, तुमी पुढं बसा, मी मागं कॅरेटायपाशी टेकते. आवाज तुमालेच ओळखू येते."

त्याच चढावर, त्याच मालासकट, रुपरावांनी टॉप गिअरमध्ये पाय दाबला. जीप एका दमात वर गेली. गोपिकाबाई मान कलती करून ऐकत राहिल्या. माथ्यावर पोचल्यावर मागे वळून त्यांनी दामिनीकडे पाहिलं.

"कॅरेटं वाजून राहिले फक्त," त्या म्हणाल्या.

दामिनीला गॅरेजपाशी उतरवून जीप कळमन्याकडे निघाली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. संत्र्याच्या लिलावाला उशीर झाला होता, तरी रुपराव शीळ घालत होते.