केमोच्या तोंडावरची अठ्ठाई

अमळनेरात माझं साड्यांचं दुकान आहे. नको असलेली साडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात माझा हातखंडा. पण पर्युषणात मोबाइलवरच्या एका मेसेजने मलाच गिऱ्हाईक केलं. 'उपवास करा, ऑटोफॅजी सुरू होईल, शरीरच कॅन्सर खाऊन टाकेल.' आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, म्हणजे आमची अठ्ठाईच की! एका दगडात दोन पक्षी, तेही जैनाच्या हातून. एप्रिलमध्ये माझ्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. चार केमो झाल्या होत्या, पाचवी पुढच्या सोमवारी होती. माझी बायको सूरजबाई दरवर्षी अठ्ठाई करते. यंदा डॉक्टरांना न विचारता मीही तिच्यासोबत बसलो.

तिसऱ्या दिवशी दुकानातच चक्कर आली. सूरजबाईने मला गाडीत घालून जळगावला नेलं.

माझ्या केमोच्या डॉक्टर चारुलता पाटील रावेरच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. माझं वजन बघून चिडल्याच.

"भाऊ, मेसेज अर्धाच खरा आहे. उपाशी पेशी स्वतःतलाच मोडका माल खाऊन तग धरते, तीच ऑटोफॅजी. पण ही युक्ती कॅन्सरच्या पेशीलाही येते. तिच्या जोरावर ती केमोतूनही वाचू शकते. बागेचं पाणी तोडलं तर आधी काय सुकतं, केळी की तण?"

"केळी."

"मग? वजन आणखी उतरलं तर सोमवारची केमो देता येणार नाही."

"पण मी पच्चक्खाण घेतलंय, उपवासाचा संकल्प केलाय. व्रत मोडू कसं?"

आता सूरजबाई बोलली. "रोज घडाघडा म्हणता त्या पच्चक्खाणात शेवटचा आगार, म्हणजे शेवटची सवलत, कशाची?"

मी पुटपुटत पाठ शेवटपर्यंत म्हणून बघितला.

"आजारपणाची. आजाऱ्याला सूट आधीच दिलेली आहे. चाळीस वर्षं पाठ म्हटलंत, अर्थ कधी विचारला नाहीत."

घरी येताच तिने मुगाची खिचडी टाकली. तिचाही तो तिसराच उपवास होता. पुढचे दिवस ती उपाशीपोटी माझ्यासाठी रांधत राहिली. चव बघता येत नव्हती, तरी मीठ एकदाही चुकलं नाही. सोमवारी वजन सहाशे ग्रॅम वाढलेलं निघालं आणि केमो लागली.

मंगळवारी तिचं पारणं. सगळे नातलग जमले. पहिला घोट पाजायला तिच्या जाऊबाई पुढे झाल्या, तर तिने मलाच बोलावलं. मी मुगाचं पाणी चमच्यात घेतलं आणि चमचा तसाच धरून थांबलो. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, हिचे आभार कधी मानले नव्हते. सगळ्यांसमोर मानू लागलो.

"आधी पाजा," ती म्हणाली. "आठ दिवसांची उपाशी आहे मी."