वाळत घातलेले बांबू

तळ्यातल्या माशांनाही उवा होतात, असं सून म्हणाली तेव्हा सासूबाई पोट धरून हसल्या होत्या. "मग वेणीफणी कर गं बाई त्यांची!"

सुनेने तो विषय तिथेच सोडला. या बाईला शिकवायला जाणं म्हणजे आपणहून विस्तवात हात घालणं. तिने खालच्या तळ्यात दहा बांबू रोवले. ऊ रक्त पिते माशाचं, पण अंडी चिकटवते बांबूवर. आठवड्याने बांबू उपटून कडक उन्हात वाळवले की अंडी खलास.

पहिल्याच खेपेला ती ओले बांबू काठावर टाकून घरात गेली. धडधाकट बांबू लोळत पडलेले सासूबाईंना कुठले बघवणार! वरच्या तळ्यावर बगळ्यांसाठी जाळं ताणायचं होतंच. त्यांनी दहाच्या दहा नेऊन तिथे ठोकले. वरचं तळं म्हणजे त्यांचा जीव. चौदा वर्षं हाताने पोसलेल्या माद्या तिथे होत्या, आणि त्यांच्याच पिल्लांवर बाकीची तळी चालत.

तीन आठवड्यांनी माद्या बांबूंना अंग घासू लागल्या.

"बघ कशा खेळतायत," सासूबाई म्हणाल्या.

सून बांधावरून घाईने पाण्याकडे वाकली. "आई, हे बांबू इथे कुणी आणले? मला वाटलं, चोरीला गेले."

"मी. तुझ्यासारखं टाकून द्यायला मला नाही जमत."

"अहो, टाकले नव्हते. वाळत घातले होते. अंडी होती त्यांच्यावर."

सासूबाईंनी एक मादी जाळीत उचलली. खवल्यांवरून चपटे, काचेसारखे ठिपके सरकत होते. एक नखाने काढला, तर खाली रक्ताळलेलं भोक.

औषधाने उवा मेल्या, पण जखमांना बुरशी धरली. रोज दोन-तीन माद्या पांढरं पोट वर करून तरंगत. सून कामं उरकत राहिली. तिचं ते न बोलणं सासूबाईंना मरणाहून जड झालं.

"बोल की गं! मूग गिळलेत का?"

"काय बोलू? मीही कुठे नीट सांगितलं होतं तुम्हाला."

यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

शेवटची मादी त्यांनी स्वतः बाहेर काढली. पोट अंड्यांनी टच्च. सून फावडं घेऊन आली.

"द्या इकडे, आई."

"जरा थांब."

त्या चिखलातच बसल्या आणि मेलेल्या माशाच्या पोटावरून हात फिरवू लागल्या. सून उभीच होती. बराच वेळ झाला, तरी मासा काही त्यांच्या हातून सुटेना.