जावईबापूंचा कागदी झगा

मालकीणबाईंचे जावईबापू तीन महिन्यांचा कोर्स करून आले आणि आमच्या शिवणखान्यात कागदाचं राज्य सुरू झालं. तोवर ते माझं होतं. सव्वीस वर्षं मी इथं कापड कापतेय. लहानथोर सगळे मला मावशी म्हणतात आणि मधलं बारा फुटी टेबल माझं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, "मावशी, हे आता नव्या पद्धतीनं डिझाइन करणार. जमलं तर तुमचं टेबल काढून टाकू, यांना जागा लागते." टेबल गेल्यावर मी कुठं उभी राहायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण उत्तर मला कळलं होतं.

नवी पद्धत अशी की कागदाच्या घड्या, नळकांडी, पंखे करायचे आणि पुतळ्याला टाचण्यांनी लावून बघायचे. शोभेल तो आकार ठेवायचा आणि मग तो कापडात उतरवायचा. पद्धतीला मी नावं ठेवत नाही. चांगल्या हातात कागदातूनही सुरेख काही निघतं, पण हात चांगला हवा. आमच्या पुतळ्याला शिवणाऱ्या बायका 'थोरली' म्हणतात, कारण प्रत्येक नवा कपडा आधी तिच्या अंगावर आणि कामाच्या नावानं शून्य. तिला डोकं नाही, हात नाहीत. जावईबापूंशी तिचं छान जमलं.

पंधरा दिवस ते तिच्याभोवती घिरट्या घालत होते. सकाळी खांद्यांवर होड्या, दुपारी कमरेला पंखे. मालकीणबाई दारातूनच "अगंबाई!" म्हणायच्या आणि बायका माना डोलवायच्या. सोळाव्या दिवशी टाचण्यांनी बोटांची चाळण झाली, तेव्हा जावईबापूंनी सरळ खळ आणली आणि सगळं चिकटवून टाकलं. गळा मानेला घट्ट, कंबर आवळलेली, खाली गुडघ्यापर्यंत अरुंद नळकांडं.

मी थोरलीभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. चेन नाही, बटण नाही, पाठ बंद, बाजू बंद.

"जावईबापू, हे अंगात..."

त्यांनी हात वर केला. "मावशी, तुमची ती जुनी मापं आधी डोक्यातून काढा. हे जसंच्या तसं कापडात हवं. सूतभर इकडचं तिकडं नको."

'पाठीला हातभर चेन द्या', एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मी म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. होऊ दे झगा बघायला येणाऱ्या गिऱ्हाईकबाईंसमोर शोभा, मग कळेल टेबल कशाला लागतं ते. आम्ही बक्रम लावून झगा चांगला ताठ केला आणि शेवटची शिवण थोरलीच्या अंगावरच घातली, कारण दुसरा इलाजच नव्हता.

गिऱ्हाईकबाई आल्या. त्यांची कपड्यांची चाळीस दुकानं. झगा बघून म्हणाल्या, "छान दिसतोय. कुणाला तरी घालून दाखवा."

मालकीणबाईंची लेक त्यासाठीच पडद्यामागे परकरावर उभी होती. दोघी बायकांनी झगा वर ओढला, तर थोरलीही त्याच्याबरोबर वर आली. खाली ओढला, तर खांद्यांशी अडला. मग चौघींनी तिला आडवी केली.

"आई, देतेस ना? थंडी वाजतेय मला!" पडद्यामागून लेक ओरडली.

मी टेबलाला टेकून ऐटीत उभी होते.

"म्हणजे हा निघतच नाही?" गिऱ्हाईकबाईंनी विचारलं.

जावईबापूंनी आडव्या थोरलीकडं बघितलं. "घालणं आणि काढणं... ही जुनी कल्पना आहे."

"अहो, मग हेच तर हवंय मला!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "कपाटं भरून माल असतो, पण येणारी प्रत्येक जण काचेतल्या पुतळ्याच्या अंगावरचाच मागते. काढून काढून पोरींचे हात मोडायची वेळ आलीय. चाळीस पुतळे पाठवते, त्यांच्या अंगावरच शिवून द्या."

चाळीस झगे आणि सगळ्यांचं माप एकच. कापडावर कागद ठेवून कुणीही कापावं. आमच्याकडं ना कुणाची उंची बघायची राहिली, ना कुणाचे खांदे.

बाई गेल्यावर मालकीणबाई माझ्याजवळ आल्या. "मावशी, हे तुमच्या आधीच लक्षात आलं असेल ना?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाच्या कामात आपण कशाला तोंड घालायचं?" मी म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि मलाही.

"बरंच झालं म्हणा," त्या हसून म्हणाल्या. "नाहीतर ही ऑर्डर हातची गेली असती. टेबल सोमवारी काढू. दारातून निघेल का हो?"

टेबल खोलीतच ठोकून उभं केलेलं. मी दाराचं माप घेतलं, मग टेबलाचं. या वेळी तोंड उघडलं. "निघणार नाही. रुंदीला चार बोटं जास्त आहे."

"मग सुताराकडून मधोमध कापून घेऊ. तेवढी खूण करून ठेवा ना, तुमच्याइतकी सरळ रेघ इथं कुणाला येते?"

मी खडू घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. पट्टीसुद्धा लागली नाही.