खिडकीचं पाकीट

थोरलीने पाकीट कानाशी नेऊन हलवलं. आत पावडर सळसळायला हवी होती. आतून नुसतं ढप् झालं. ढेकूळ.

"हा पाकिटांचा कागद कोणी आणला?"

"मी," धाकटी जाऊ म्हणाली. "जुन्या चांदीच्या कागदाच्या पाकिटात आत काय आहे ते दिसतं का? याला बघा कशी गोंडस खिडकी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल ताई, पण विकत कोण घेतं?"

थोरलीने खुर्ची ओढली. पोटाला मानवणारे जिवाणू वाळवून, झोपवून पाकिटात भरायचे आणि त्यांची शिदोरी म्हणून सोबत मुळांच्या तंतूंची पूड घालायची, हे मिश्रण तिने स्वतः बसवलेलं. ती पूड महाहावरट. हवेतली ओल चोखून घेते. ओल लागली की जिवाणू अवेळी जागे होतात नि आतल्या आत मरतात. म्हणून तर जाड चांदीची पाकिटं. भरणीच्या खोलीत ती ओल्या केसांनी कुणाला पाऊल टाकू देत नसे. आणि इथे बाईसाहेबांनी पातळ प्लास्टिकच्या खिडक्या पाडल्या होत्या.

"मेलेत गं हे."

"पोटात डोकावून कोण बघणार आहे?"

संध्याकाळी हा माल मुलांच्या दवाखान्यात जायचा होता. धाकटीला कळत नाही, समजावून सांगू, असं मनाशी म्हणत थोरली सासूबाईंना औषध द्यायला वर गेली. आजारपणातल्या गोळ्यांनी त्यांचं पोट पार बिघडलेलं. उशाशी याच पावडरीच्या पाकिटांची चळत होती. सगळी चांदीची.

"धाकटीने ठेवलीत," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "नव्या पाकिटांना हात लावू नका म्हणाली. जीव लावते हो पोर."

थोरली तडक जिना उतरली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

धाकटी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली.

"आईंना जिवंत आणि लोकांच्या लेकरांना मढी? ती लेकरं काय उकिरड्यावर सापडलीत?"

"ताई, गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे. लाव दवाखान्यात फोन."

थोरलीने खोकं ओढलं, कात्री घेतली आणि पहिलं पाकीट बरोबर खिडकीतून कापलं. मग दुसरं. धाकटीने नाक ओढत फोन लावला. "नमस्कार सर, जरा मशीन बिघडलंय, म्हणून आज..."

थोरलीने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"मशीन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "माल मेलेला आहे. आमच्याच हाताने. मुलांना आमचं आधीचं काही दिलं असेल, तर तेही खिडकीच्या पाकिटातलं नाही ना, एवढं बघून सांगा. मी थांबते."