दोन्ही बाह्या डाव्या

दुकानाच्या मालकांनी कोट टेबलावर पसरला आणि बाबांकडे बघितलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

बाबा म्हणाले, शिवणाऱ्याने घोळ घातला असणार. मग म्हणाले, कुणीतरी मुद्दाम करतंय, मला दुकानातून घालवायचंय. जन्मभर कापड कापलेला माणूस. एक बाही कापली की कागदी साचा पालथा करून दुसरी, हे ते झोपेतही करतील, असं आई म्हणायची. मालकांनी दुसऱ्या कोटाचं कापड पुढे सरकवलं. हेही बिघडलं तर घरीच बसा, म्हणाले.

मला संशय होता गोळ्यांचा. हातांची थरथर थांबावी म्हणून सुरू केलेल्या. हात स्थिर झाले खरे, पण तेव्हापासून बाबांना काहीच खटकेनासं झालं. चहात मीठ पडलं तरी निवांत पीत. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मेंदूतलं जे रसायन हात चालवतं, तेच चुकल्याची टोचणीही देतं. हाताला पुरेल इतकं वाढवलं की टोचणी बोथट होऊ शकते. गोळी कमी करता येईल, पण थरथर परतेल. बाबांनी साफ नकार दिला. थरथरत्या हातात कात्री कोण देणार?

घरी त्यांनी ते दुसऱ्या कोटाचं कापड पसरलं. मी दारात, चोरून बघत. माझं बाळ खांद्यात तोंड खुपसून पेंगत होतं. पहिली बाही झाली. बाबांनी साचा उचलला, झटकला आणि होता तसाच ठेवला. खडूची रेघ काय सुरेख मारली. कात्री उचलली.

“बाबा, साचा बघा ना जरा.”

त्यांनी बघितला. “बरोबर आहे की.” मग डोळे बारीक करून, “तू हलवलास?”

“मी आत पाऊल तरी टाकलं का?”

ते पुन्हा साच्यावर वाकले. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“पालथा नाही केला, हे दिसतंय गं,” हळूच म्हणाले. “पण चुकलंय असं वाटतच नाहीये.”

आता मी दुकानात त्यांच्या टेबलाशी बसून काजं-बटणं करते. बाळ पायाशी चिंध्यांत खेळतं. रेघ मारून झाली की बाबा कापडावर कात्री टेकवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी मान हलवेपर्यंत पाती उघडीच राहतात.