ब्रेक मारला की देवी उजळायची

माझी धाकटी सून पूनम मला सासू मानत नाही. चार महिने झाले, तिच्या तोंडून ‘आई’ हा शब्द निघाला नाही. एकाच अंगणात दोन दारं, पण हिचं दळण वेगळं, पाणी वेगळं. मी ओट्यावर दिसले की ही बादली घेऊन गोठ्याच्या मागून जाते. परवा मला ताप होता, तर शेजारच्या बेबीताईला म्हणाली, “त्या बाईले गोळी नेऊन द्या.” त्या बाईले! चाळीस वर्षं या घराचा कारभार मी केला. माझ्यापुढे सरपंच आवाज चढवत नाही, आणि ही कालची पोरगी मला ‘ती बाई’ म्हणते.

असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. ती तसं काऊन म्हणते, ते मात्र सांगत नव्हते.

कार्तिकात माझा धाकटा लेक ज्ञानेश्वर गेला. थोरला राजकुमार ट्रक चालवतो. त्या दिवशी तो खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधून सरकी भरून अमडापूरच्या रस्त्यानं घरी येत होता. ज्ञानेश्वर मोटरसायकलवर त्याच्या मागं होता. दिवस मावळता मावळता शेळ्यांचा कळप रस्त्यावर आडवा आला. राजकुमारनं ब्रेक मारला. ज्ञानेश्वर मागून ट्रकवर गेला. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

त्याचा मोबाईल रस्त्याच्या कडेला सापडला. त्यावर पूनमचा मिसकॉल होता. येताना खोकल्याचं औषध आणा, एवढं सांगायला तिनं फोन लावला होता. मला तेवढं पुरलं. तेरवीला पंगत बसलेली असताना, हातात वरणाची बादली घेऊन मी म्हणाले, “हिच्या फोननं माह्या लेकाचा घात केला.”

पूनम भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली. “फोन खिशात होता त्याईच्या. उचललाच नाही त्याईनं. गाडीचा मागचा लाइट लागला असता तर ते थांबले असते.”

“लागला होता,” राजकुमार पंगतीतून उठला. “मी आपल्या डोळ्यानं पाह्यला.”

मग मी पूनमला जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. नवऱ्याच्या मरणाचं खापर दुसऱ्यावर फोडते, एवढं त्यातलं सर्वांत मऊ. पोलिसांनी पंचनाम्यात मोटरसायकल मागून धडकली असं लिहिलं आणि गेले. लाइट कोणी लावून पाहिला नाही. आम्हीही नाही. राजकुमारनं ट्रक खळ्यात उभा केला, त्यानंतर चावीला हात लावला नाही.

परवा फाल्गुनात गाडीच्या पासिंगची तारीख आली. आरटीओचा साहेब सगळे लाइट बघतो, म्हणून अमडापूरहून गुलाबरावला बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो तो. बॅटरी चार्ज करून बसवली. मी खळ्यातच बाजेवर बसले होते. गुलाबराव मागं जाऊन उभा राहिला.

“राजकुमार, ब्रेक दाब!”

“दाबला.”

“अबे, दाब म्हणतो ना!”

“दाबूनच राह्यलो, दादा!”

“मंग काय पायात जोर नाही? काहीच लागत नाही इकडं.”

मी बसल्या जागेवरून ओरडले, “बल्ब उडाला असन. चार महिने गाडी उभी हाय. त्यात काय येवढं?”

त्यानं दोन्ही बल्ब काढले आणि बॅटरीच्या वायरला लावून पाहिले. दोन्ही लख्ख पेटले. फ्यूज पाहिला, शाबूत होता. मग त्यानं आपला तपासायचा बल्ब काढला. त्याला दोन वायरी असतात. एक गाडीच्या लोखंडाला अडकवायची, दुसरीचं टोक जिथं लावू तिथं करंट असेल तर बल्ब पेटतो. ब्रेकच्या स्विचवर लावला. पेटला. राजकुमारनं पाय दाबला, तर स्विचच्या दुसऱ्या अंगालाही पेटला. मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये लावला. पेटला नाही.

“स्विच चांगला, बल्ब चांगले,” गुलाबराव म्हणाला. “वायर मधीच कुठं तरी तुटली हाय.”

वायर बघायला तो पुढं आला, तेव्हा त्याची नजर केबिनमध्ये गेली. समोरच्या काचेवर देवीचा फोटो आहे, त्याच्याभोवती लाल दिव्यांची माळ. राजकुमारचा पाय ब्रेकवर होता आणि माळ पेटली होती.

“हे काय हाय बे?”

“ब्रेक मारला का देवी लागते,” राजकुमार म्हणाला. “दोन वर्षं झाले.”

माळ मी लावायला लावली होती. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला ट्रकची पूजा केली, तेव्हा मीच म्हणाले होते, ब्रेक मारला की देवी उजळली पाहिजे. राजकुमारनं ब्रेकचीच वायर तोडून त्यात माळेचं टोक पिळलं. त्याआधी तो रोज सकाळी ट्रक मागं घेऊन चुना लावलेल्या भिंतीशी नेई, ब्रेक दाबून आरशात बघी. भिंत लाल झाली की गाडी बाहेर काढी. माळ लागल्यावर मीच त्याला टोकलं, “काऊन रोज रोज डिझल जाळतं? देवी लागली म्हंजे मागचा लागला. तिच्यावर तरी भरोसा ठेव.” त्यानं ठेवला.

गुलाबराव स्टेअरिंगखाली आडवा झाला. चिकटपट्टीचा एक गोळा त्यानं ब्लेडनं कापला. आत तीन टोकं होती. एक स्विचकडून आलेलं, एक देवीकडं जाणारं, ती दोन एकमेकांना धरून होती. तिसरं, मागच्या लाइटचं, वेगळंच लोंबत होतं.

“आत्ताच तुटलं असन,” मी म्हणाले. “तू वढलं असन.”

“मावशी, हे पाहा.” त्यानं टोक माझ्यासमोर धरलं. तांबं हिरवं पडलं होतं, बोट लावलं तर पूड झाली. “हे आत्ताचं नाही. दोन पावसाळे तरी झाले सुटून. करंट देवीपर्यंत जाऊन राह्यला होता, मागं नाही.”

“धडकेनं तुटलं असन.”

“धडक मागून बसली. हे समोर हाय, केबिनमधी.” मग तो आवाज खाली करून म्हणाला, “मी जोडून देतो. आज तुटलं, आज जोडलं. माह्या तोंडून काही निघत नाही.”

राजकुमार सीटवर बसून होता. त्याचा पाय तेवढा हलत होता. दाबायचा, देवी पेटायची. सोडायचा, विझायची. मी म्हणाले, “पुरे कर.” त्याला ऐकू गेलं नाही. गुलाबरावनं शेवटी बॅटरीची वायर काढली. माळ विझली तरी पाय चालूच होता.

मला वाटलं होतं, खरं कळलं की माणूस रडतो. मला रडू आलं नाही. एवढंच मनात आलं, की एक लेक जाळून आले आणि दुसरा हा असा समोर बसला आहे. बोलले तर हा जाईल. नाही बोलले तर ती पोरगी रोज आपल्याच बोटांकडे पाहत जगेल, त्या बोटांनी फोन लावला म्हणून. मी दोन्हीकडून मोजून पाहिलं. कुठूनच काही शिल्लक राहत नव्हतं.

गुलाबराव म्हणाला, “मावशी, जोडू का?”

“जोड. पासिंग होऊ दे. पण आज तुटलं असं कोणाले सांगू नको.”

“आई...” राजकुमार एवढंच म्हणाला. मी मागं वळले नाही. वळले असते तर पुढं गेले नसते.

पूनम दारात तूर पाखडत बसली होती. जवळ बेबीताई होती. मला येताना पाहून बेबीताई सूप ठेवून उठायला लागली.

“बस,” मी म्हणाले. “पंगतीत तू होती, आताही ऐक.”

पूनमनं सुपातून नजर काढली नाही. पाखडायची तेवढी थांबली. पाय दुखतात म्हणून मी कोणाच्या दारात उभी राहत नाही. त्या दिवशी राहिले.

“पूनम, मागचा लाइट लागत नव्हता. दोन वर्षांपासून नव्हता. वायर मी तोडायले लावली, मागं पाहू नको असं राजकुमारले मीच सांगतलं. तुह्या फोननं काही झालं नाही. लेक माह्या हातानं गेला, आन् चार महिने मी नाव तुह्यं घेतलं.”