उशीतलं पीठ

घरून पिशवीत घालून आणलेली आईच्या खुर्चीतली उशी तिने उसवली, आतल्या फोमची बोटभर पट्टी कापली आणि प्रयोगशाळेतल्या चिमट्याला टांगून खाली बर्नर धरला. दहा सेकंदांनी बाजूला घेतला. ज्योत विझायला हवी होती. ती सरसर वर चढली, पेटते थेंब खालच्या कापसावर पडले आणि कापूसही भडकला.

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आठ वर्षं तिने एरंडेलापायी डोकं फोडून घेतलं होतं. खनिज तेलाऐवजी बियांच्या तेलाचा फोम, आणि तोही न पेटणारा! लोकांनी वेड्यात काढलं. शेवटी एक पांढरी पूड मिसळली आणि जमलं. नवी पट्टी तीन सेकंदांत विझायची. पहिल्या घाण्यातली उशी तिने कौतुकाने आईला दिली. आई दर रविवारी ती गॅलरीत बडवायची नि म्हणायची, "तुझ्या उशीतून पीठ पडतं गं." ही हसायची. वर्षभर नुसती हसली! आग अडवणारी पूडच गॅलरीतून उडून जात होती, आणि एवढ्या शिकलेल्या बाईला ते आज सुचलं.

कारखान्याच्या साहेबांनी जळकी पट्टी निरखून पाहिली.

"नियमात काय आहे? तयार होऊन सात दिवस झालेला तुकडा तपासायचा. तो पास झालाय ना?"

"झालाय. पण माणसं त्यावर वर्षानुवर्षं झोपणार, साहेब."

"नियम मी केलेत का? उद्या वृद्धाश्रमाच्या याच फोमच्या तीनशे गाद्या निघायच्यात. पूड सुटणार नाही असं करायला किती दिवस?"

"दोन वर्षं. कदाचित जास्तच."

"तोवर दुसरा कोणीतरी पुढे जाईल. आठ वर्षं पाण्यात. शोध तुमच्या नावावर आहे, बाई. तुम्हीच ठरवा."

नाव तिचं होतं, हेच तर दुखणं होतं. आईची शाळेपासूनची मैत्रीण त्याच वृद्धाश्रमात होती. "माझ्या लेकीच्या गाद्या येतायत" असं आईचं तिला फोनवर ऐकवून झालं होतं. तरी तिने गाद्या पाठवायच्या कागदावर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, त्याची तिला चीड आली.

संध्याकाळी तिने लोकरीचं ब्लँकेट घडी घालून आईच्या खुर्चीवर ठेवलं. लोकर सहजी पेट घेत नाही.

"माझी उशी कुठंय?"

"जुनी झाली होती."

"मग नवी आण की! तुमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?"

"नको आई. हेच बरं."

आईने चष्मा वर सरकवला आणि लेकीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"ते पीठ पडायचं, त्याचं काही आहे का?"

ती ब्लँकेटची घडी उगाच नीट करत राहिली.

आईने तिच्या हाताखालून ते ओढून घेतलं, पिशवीत कोंबलं आणि चपला शोधायला लागली.

"कुठे निघालीस?"

"आश्रमात, मैत्रिणीकडे." दाराशी जाऊन आई थांबली. "घरात असलं ब्लँकेट हे एकच आहे का गं?"